पीडीएफ तेवढी पाठवा ताई

बेळगाव, खानापूर, निपाणी साइडला डिझाईन, इलस्ट्रेशनची कामं घेणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय, कारण मला गंडवलेला माणूस आता गोकाकच्या करदंट मिठाईच्या बॉक्ससाठी आर्टिस्ट शोधत फिरतोय असं कळलंय.

मला त्याने कुंद्याच्या बॉक्सचं काम सांगितलं होतं. दुकानाचं नाव मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हीत, आणि चारी बाजूंना हाताने काढलेली चित्रं, म्हैस, खव्याची कढई, उलथनं फिरवणारा आचारी. 18,000 ठरले. 2,000 लगेच जीपेवर टाकले, विश्वास बसेल एवढेच. मग जेपीजी पाठवली की ह्याचं एकच, "ताई, फोटो फाटालाय बघा, प्रेसवाल्याला साइज चेक करायचीय, पीडीएफ तेवढी पाठवा की. वॉटरमार्क ठेवा तुमचा, आमचं काय नाही." वॉटरमार्क ठेवा असं स्वतःच म्हणणाऱ्या माणसावर कोण संशय घेणार ओ?

गोम तिथेच आहे. कोरल म्हणजे आपलं डिझाईनचं सॉफ्टवेअर, त्यातून काढलेली पीडीएफ आपल्याला बंद फाईल वाटते, पण ती परत कोरलमध्ये घेतली की सगळ्या लाइनी, सगळे नोड्स म्हणजे लाइनीवरचे पॉइंट सुटे होतात आणि वॉटरमार्क म्हणजे नुसता वर ठेवलेला एक ऑब्जेक्ट, क्लिक करून डिलीट दाबलं की गेला. खाली प्रिंटला तयार आर्टवर्क, तेही सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्याच चार रंगांत! पुढे "मालकांना पसंत पडलं नाही" असा मेसेज आला आणि मी ब्लॉक.

नंतर खानापुरात एका बारशाला तोच बॉक्स हातात आला. केशरीचा हिरवा केलेला, बाकी काय बदललेलं नाही. आचारी डावखुरा, कारण मी मामाला समोर बसवून काढला होता आणि मामा डावखुरा आहे. दुकानात गेले तर मालक बिचारे उलट मलाच पावती दाखवायला लागले, त्यांनी ह्याला 25,000 कधीच मोजलेत आणि चित्रं ह्यानेच काढली असं त्यांना वाटतंय. त्यांच्याशी काय भांडणार.

वकिलाकडून त्या माणसाला नोटीस गेलीय, उत्तर नाही. वकिलांनी सांगितलेलं कामाचं तेवढं सांगते. कॉपीराइटला रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, चित्र काढलं की हक्क तयार होतो. 1957 च्या कायद्यात कलम 19 आहे, हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सही करून द्यावे लागतात. पण कलम 17 पण बघा, पैसे घेऊन कुणासाठी पेंटिंग किंवा पोर्ट्रेट काढून दिलं आणि वेगळं काय ठरलेलं नसेल तर पहिला मालक गिऱ्हाईकच धरला जातो, म्हणून कोटेशनवरच "पूर्ण पैसे मिळेपर्यंत सर्व हक्क माझ्याकडे" असं लिहून समोरच्याची सही घ्या. वॉट्सॅपवर ओके आलं म्हणजे झालं असं नाही.

प्रेसला साइज चेक करायला डायलाइन पुरते, म्हणजे बॉक्सच्या कटिंग-घडीचा नुसता सांगाडा, त्याला चित्र लागतच नाही. अप्रूव्हलला 72 डीपीआयची, म्हणजे छापायला न पुरणारी जेपीजी द्या, वॉटरमार्क चित्रावरनंच आडवा गेलेला. पीडीएफच पायजे म्हणून हटून बसला तर तीच जेपीजी पीडीएफमध्ये टाकून द्या, बघू काय सुटं करतोय ते.

नंबर इथे टाकत नाही, वकिलांनी नको म्हटलंय. कामाची चौकशी करायच्या आधीच तुमच्या कामाची लई तारीफ करतो आणि मालकाशी बोलायला द्या म्हटलं की मालक कायम गोव्याला गेलेले असतात.