अल्फा कोर्स: मंडळीत सुरू करण्याआधी हे वाचा

अल्फा हा ख्रिस्ती विश्वासाची ओळख करून देणारा कोर्स. तो चालवायचा की नाही, हा प्रश्न हल्ली बऱ्याच मंडळ्यांच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, पंच कमिटीत येतो. आमचं मत आधीच सांगतो. जेवण आणि गटचर्चा या दोन गोष्टी नीट सांभाळणार असाल तर जरूर चालवा. नुसते व्हिडिओ दाखवायचे असतील तर तेवढी संध्याकाळ प्रार्थनासभेला द्या, जास्त उपयोग होईल.

हा कोर्स लंडनच्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन या अँग्लिकन चर्चमध्ये १९७७ साली सुरू झाला. त्या वेळी तो नव्या विश्वासणाऱ्यांसाठी होता. १९९० पासून तिथलेच धर्मगुरू निकी गंबेल यांनी तो हाती घेतला आणि चर्चची पायरी कधी न चढलेल्या माणसासाठी बदलला. सगळी बांधणी त्या माणसाकडे बघून आहे. सुमारे दहा-अकरा आठवडे दर आठवड्याला एक बैठक, मध्ये एक दिवस किंवा शनिवार-रविवार पवित्र आत्म्यावर. येशू कोण, तो का मेला, प्रार्थना, बायबल, बरं होणं, मंडळी असे विषय क्रमाने येतात. नोंदणी केली की साहित्य मंडळीला मोफत मिळतं. खर्च होतो तो जेवणाचा आणि जागेचा.

बैठकीची वेळ अशी बसते: सात वाजता जेवण, पावणेआठला व्याख्यान, सव्वाआठला चर्चा आणि नऊला बंद. नऊ म्हणजे नऊच. चर्चा रंगली म्हणून साडेनऊपर्यंत ताणली की लोकल गाठायची असलेला पाहुणा पुढच्या वेळी येत नाही.

जेवणाच्या जागी चहा-बिस्किट ठेवण्याचा मोह सगळ्यांना होतो. तो टाळा. अनोळखी माणसं पंगतीला बसून बोलती होतात, चहाचा कप हातात धरून कोपऱ्यात उभी राहिलेली होत नाहीत. स्वयंपाक शाकाहारी ठेवला तर कोणालाच विचारत बसावं लागत नाही. तीस जणांच्या पुलावाला तीन-सव्वातीन किलो तांदूळ पुरतो. सोबत कढी आणि कोशिंबीर. पोळ्या हव्या असतील तर पोळी-भाजी केंद्रातून आणा, नाहीतर चार भगिनी पूर्ण संध्याकाळ ओट्यापाशीच राहतात आणि गटात बसायला माणसं उरत नाहीत.

व्याख्यानासाठी २०१६ ची फिल्म मालिका आहे. चित्रण उत्तम, मांडणी स्वच्छ. पण मराठीत विचार करणारा पाहुणा इंग्रजी व्हिडिओसमोर अर्ध्या तासात थकतो. आपल्याच वक्त्याने मराठीत बोलावं, तशी मुभा कोर्समध्ये आहे. अट एकच, पंचवीस मिनिटं. पाळकसाहेबांना रविवारी पाऊण तास उपदेश करायची सवय असते आणि तो पाऊण तास इथे चर्चेचा जीव घेतो. गाणं घ्यायचं झालं तर नारायण वामन टिळकांचं एखादं भजन घ्या; पेटी-टाळावरचं भजन पाहुण्याला परकं वाटत नाही.

आता चर्चा. अल्फाचं खरं बळ इथे आहे आणि बहुतेक मंडळ्या नेमक्या इथेच घसरतात. एका गटात बारा जण पुरे: दोन यजमान, एक-दोन मदतनीस, बाकी पाहुणे. मंडळीचे जुने सभासद पाहुण्यांच्या खुर्च्यांवर बसवू नका. ते वचनं पाठ म्हणून दाखवतात आणि नवखा माणूस गप्प होतो. यजमानाचं काम विचारणं आणि ऐकणं एवढंच. समजा एखादी बाई म्हणाली, "माझी आई आयुष्यभर देवधर्म करणारी होती. तिला येशू माहीतच नव्हता. तिचं काय झालं?" इथे योहान १४:६ (येशूखेरीज पित्याकडे जायला दुसरा मार्ग नाही, हे वचन) लगेच काढणारा यजमान तो गट गमावतो. "तुमच्या आईबद्दल सांगा ना," असं म्हणावं, मग बाकीच्यांना काय वाटतं ते विचारावं, आणि शांतता पडली तर दहा सेकंद ती तशीच राहू द्यावी. उत्तर द्यायचंच नाही असं नाही. पण ते व्याख्यानात येतं, किंवा चार आठवड्यांनी, गटावर विश्वास बसल्यावर, ती स्वतः विचारते तेव्हा. गप्प बसणं जमत नसलेल्या उत्साही भावाला स्वागताचं काम द्या. त्यातही मोठी सेवा आहे.

पवित्र आत्म्याचा दिवस सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास ठेवा. फार आधी घेतला तर ओळखी जुळलेल्या नसतात आणि माणसं बिचकतात. प्रार्थना करताना आधी परवानगी विचारा, पुरुषांसाठी पुरुषांनी आणि स्त्रियांसाठी स्त्रियांनी प्रार्थना करावी, आणि अन्य भाषांसाठी (पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने अनोळखी भाषेत प्रार्थना करण्यासाठी) कोणावरही दबाव आणू नये. आमच्या मते या विषयाला कोर्समध्ये गरजेपेक्षा जास्त जागा दिली आहे. त्यावर तीन व्याख्यानं आहेत, पुनरुत्थानाला मात्र स्वतंत्र बैठक नाही. पाप आणि पश्चात्ताप हे विषयही हलक्या हाताने येतात, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजनावर फारच थोडं आहे. ही उणीव पाळकाने नंतरच्या बाप्तिस्मा वर्गात भरून काढायला हवी.

ज्यांना हे पटत नाही त्यांच्यासाठी लंडनच्याच ऑल सोल्स चर्चमधून निघालेला 'ख्रिश्चॅनिटी एक्स्प्लोर्ड' आहे. तो मार्ककृत शुभवर्तमान हातात देऊन ते वाचायला लावतो, आणि पाप व कृपा तिथे जास्त ठसठशीत येतात. वाचनाची सवय असलेल्या गटाला आम्ही तोच सुचवू. दिवसभर काम करून थकून आलेल्या, पुस्तक उघडायला कचरणाऱ्या माणसाला मात्र अल्फाचं जेवणाचं ताट जवळचं वाटतं.

निमंत्रणपत्रिकेवर स्पष्ट लिहा: ख्रिस्ती विश्वासाची ओळख, अमुक मंडळीतर्फे, विनामूल्य. 'जीवनाचं रहस्य' किंवा 'तणावमुक्ती शिबिर' असल्या नावाखाली कोणाला बोलावू नका. पहिल्याच संध्याकाळी फसवलं गेल्याची भावना झाली तर पुढचं सगळं वाया जातं, आणि सुवार्तेला अशा आडवाटेची गरजही नाही.

शेवटच्या बैठकीनंतर गळती मोठी असते. दहा आठवडे गोल बसून बोललेला माणूस रविवारी मागच्या बाकावर एकटा बसतो, उपासनेत कधी उठायचं कधी बसायचं ते त्याला कळत नाही, आणि तिसऱ्या रविवारी तो येईनासा होतो. म्हणून पुढच्याच आठवड्यात, त्याच वारी, त्याच वेळी, त्याच यजमानांच्या घरी तोच गट घरगुती संगती म्हणून भरवा. हे घर आणि ही माणसं कोर्स सुरू होण्याआधीच ठरलेली असू देत. ठरली नसतील तर तारीख पुढे ढकला.