आजीच्या पेटीची दुरुस्ती : पुण्यातील एका कारागिराच्या कामाविषयी

माझी आजी अहमदनगरच्या आमच्या चर्चमध्ये दर रविवारी पेटी वाजवत असे आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने काळी चार या उंच स्वरपट्टीत अशा ठसक्यात म्हणत असे, की मागच्या बाकांवरची पेंगुळलेली मुलेही टाळ्यांचा ठेका धरत. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाने ख्रिस्ती भक्ती गायली. आजीला इंग्रजी चालींपेक्षा तीच जवळची वाटे, आणि पाळकसाहेबांनी लय संथ ठेवायला सांगितली तरी ती शेवटच्या कडव्याला हमखास वाढवी.

तिच्या पश्चात पेटीचा भाता फाटला होता आणि मधल्या सप्तकातील दोन सूर बसले होते. कारागिराने सूर देणारी प्रत्येक पितळी पत्ती काढून स्वच्छ केली. पत्तीचे टोक खरवडले की सूर चढतो आणि बुडाशी खरवडले की उतरतो, हे त्यांनी आम्हाला वाजवून दाखवले. भात्याचे कातडे नवे लावले. मात्र आजीच्या बोटांनी झिजलेल्या पट्ट्या बदलण्याचा आग्रह धरला नाही, याचे मला फार मोल वाटते. खर्चाचा अंदाज आधीच लेखी मिळाला व तो पाळला गेला. काम ठरल्यापेक्षा उशिरा झाले, त्यामुळे नाताळापूर्वी पेटी हवी असल्यास पावसाळा संपताच द्यावी. जुन्या पेटीचा मूळ आवाज राखायचा असेल, तर मी हेच कारागीर निःशंकपणे सुचवीन.