फक्त १ खोली शिल्लक! – हॉटेल बुकिंगच्या अ‍ॅपांसोबत आठ महिने

३,८५० रुपये गेले म्हणून हे लिहायला बसले आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे सूर तिखट लागला तर कुणी मनावर घेऊ नये. एकतीस वर्षं बँकेत काढली. दिवसअखेर पाच रुपयांचा फरक आला तरी तो सापडल्याशिवाय घरी जाता येत नसे. ती खोड अजून गेलेली नाही.

मे ते डिसेंबर २०२५ या काळात तीन अ‍ॅप वापरली. खोली कशी शोधायची, फिल्टर कसे लावायचे हे आता शाळकरी मुलांनाही येतं, त्यात शिरत नाही. ज्या अ‍ॅपशी भांडण झालं त्याचं नाव घेणार नाही. ते बुकिंग डॉट कॉम नव्हे एवढं मात्र सांगते, कारण त्या कंपनीबद्दल खाली बरंच येणार आहे.

मुलगी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला असते. १५ मे ते १२ ऑगस्ट, व्हिसाचे नव्वद दिवस पुरेपूर वसूल करून आम्ही दोघं तिच्याकडे राहिलो. परत आल्यावर लगेच १५ ऑगस्टची शुक्रवार-शनिवार-रविवार अशी जोडून सुट्टी येत होती. गणपतीपुळ्याचा नवस दोन वर्षं राहिला होता. जुलैत तिथूनच खोली बघायला घेतली. मी अशा गोष्टी एका रात्रीत ठरवत नाही. दोन दिवस भाव बघते, वहीत लिहिते, मग ठरवते. पण तिथे लाल अक्षरांत होतं: ‘फक्त १ खोली शिल्लक!’ आणि खाली बारीक अक्षरांत: ‘आत्ता १४ जण ही जागा पाहत आहेत.’

चौदा जण! त्या एका खोलीवर चौदा कुटुंबं टपून बसली आहेत असं चित्र डोळ्यांसमोर उभं राहिलं आणि माझा हात आपोआप बटणावर गेला. दोन रात्रींचे ७,७०० रुपये तिथल्या तिथे कापले. ८ ऑगस्ट, रात्री ११:५९ पर्यंत मोफत रद्द करता येईल असं लिहिलेलं होतं, म्हणून निर्धास्त होते.

ऑगस्ट उजाडला आणि ह्यांचा गुडघा सुजला. ८ तारखेला जेवणं आटोपून, भांडी मशीनमध्ये लावून, नऊ वाजता मी बुकिंग रद्द केलं. तिकडे ऑगस्टात रात्री नऊलासुद्धा बाहेर उजेड असतो, त्यामुळे मुदत उलटून गेली असेल ही शंकाही मनाला शिवली नाही. पण गणपतीपुळ्यात तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. मुदत मोजतात ती जागा असेल तिथल्या घड्याळाने. एका रात्रीचे ३,८५० गेले.

चूक माझी? अर्धी तरी आहेच. ती अट लिहिलेली होती, तीन वेळा ‘अधिक वाचा’ दाबल्यावर सापडते अशा ठिकाणी. लाल अक्षरं मात्र न दाबता दिसत होती. चॅटवर आधी यंत्र बोललं, मग बहुतेक माणूस. दोघांची उत्तरं इतकी सारखी की नक्की सांगता येणार नाही. पाऊण तास घातल्यावर ५०० रुपयांचं कूपन मिळालं, नव्वद दिवस मुदतीचं आणि किमान ५,००० च्या बुकिंगवरच चालणारं. म्हणजे पाचशे परत हवे असतील तर आधी साडेचार हजार काढा. आठवडाभराने त्याच अ‍ॅपने विचारलं, ‘गणपतीपुळ्याचा मुक्काम कसा झाला?’

आता त्याच तीन महिन्यांतला उलटा अनुभव. जूनमध्ये बेल्जियममधल्या ब्रुजला दोन रात्री गेलो होतो. खोली बुकिंग डॉट कॉमवरून घेतली होती, ‘पैसे तिथे गेल्यावर’ हा पर्याय बघून. मालकीण बाईंनी दार उघडलं, खोली दाखवली, आम्ही बॅगा टाकल्या आणि मग कार्ड पुढे केलं. शहराचा कर वेगळा द्यावा लागला. तेवढं सोडलं तर तक्रारीला जागा नाही. आधी खोली बघायची, मग पैसे. हे मला इतकं आवडलं की मुलगी हसायला लागली. म्हणाली, “आई, ही कंपनी याच्यावरच तर मोठी झाली.”

मग मी ते खणूनच काढलं. १९९६ साली नेदरलँड्समधल्या एन्सखेडे गावात, ट्वेंटे विद्यापीठात शिकलेल्या खेर्ट-यान ब्राउन्स्मा या तरुणाने बुकिंग्ज डॉट एनएल नावाने ही साइट काढली. त्याच वर्षी अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या पोटात एक्स्पीडिया जन्माला आली. दोघांचा धंदा खोल्यांचाच, हिशोबाची रीत मात्र वेगळी. एक्स्पीडियाने हॉटेलांशी ठोक भाव ठरवायचे, गिऱ्हाइकाकडून पूर्ण पैसे आधी घ्यायचे आणि आपला फरक ठेवून उरलेले हॉटेलला द्यायचे. डच मंडळींनी गिऱ्हाइकाच्या पैशाला हातच लावला नाही. पाहुणा हॉटेलात पैसे देणार आणि हॉटेल मागाहून कमिशन पाठवणार, साधारण पंधरा टक्के, जागेप्रमाणे कमी-जास्त. युरोपात दहा-पंधरा खोल्यांची घरगुती हॉटेलं गल्लोगल्ली. त्यांना करारमदार, ठोक भाव असली भानगड नको होती. खोली टाका, पाहुणा आला तरच कमिशन द्या, एवढं त्यांना पटलं. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर कंपनी हजारो छोट्या खातेदारांना उधारीवर सेवा देत होती, आणि ती उधारी वसूल होत होती.

अमेरिकेतली प्राइसलाइन कंपनी ‘तुमचा भाव तुम्हीच सांगा’ म्हणत १९९८ मध्ये सुरू झाली आणि २००० साली शेअर बाजार फुटला त्यात पार झोपली. तिने २००४ मध्ये इंग्लंडातली अ‍ॅक्टिव्ह हॉटेल्स १६.१ कोटी डॉलरला आणि २००५ मध्ये ही डच कंपनी १३.३ कोटी डॉलरला विकत घेतली. २००७ मध्ये आशियासाठी अगोडा, पुढे निरनिराळ्या साइट्सचे भाव एकत्र दाखवणारी कायाक. विकत घेतलेली मुलगी घराची कर्ती झाली म्हणा, कारण २०१८ मध्ये आईनेच आपलं नाव बदलून बुकिंग होल्डिंग्ज केलं. २०२४ चं उत्पन्न २३.७ अब्ज डॉलर, विकलेल्या रात्री ११० कोटींहून जास्त. आणि जाहिरातीवरचा खर्च ७.३ अब्ज डॉलर! म्हणजे मिळकतीतल्या दर दहा डॉलरमधले तीन, त्यातला मोठा वाटा गूगलला. आपण गूगलवर ‘ब्रुज हॉटेल’ टाकतो तेव्हा सगळ्यात वर जे दिसतं ते असं दिसतं.

कोरोनात उत्पन्न १५ अब्जांवरून ६.८ अब्जांवर आलं. डच सरकारने पगारांसाठी साडेसहा कोटी युरो दिले. पुढच्या वर्षी वरच्या साहेबांच्या बक्षिशीचे आकडे बाहेर आले, बोंबाबोंब झाली आणि कंपनीने ते पैसे परत केले. मुलगी तिथे कर भरते, त्यामुळे हा किस्सा तिने दोनदा सांगितला.

ॲमस्टरडॅमला गेलो तेव्हा मध्यवर्ती स्टेशनाच्या पूर्वेला, मोठ्या ग्रंथालयाजवळ, पाण्याकाठी त्यांची नवी इमारत पाहिली. काचाच काचा. ही कंपनी एका वेळी हजारावर प्रयोग चालवते म्हणतात: अर्ध्या लोकांना बटण असं दाखवायचं, अर्ध्यांना तसं, आणि कुणी जास्त खोल्या घेतल्या ते मोजायचं. मला आपली ती लाल अक्षरंच आठवत होती.

तर लाल अक्षरं. ऑगस्टात नाशिकला परतल्यावर मी गणपतीपुळ्याच्या त्या लॉजवर फोन लावला आणि पहिला प्रश्न विचारला, “तुमच्याकडे त्या सुट्टीत खरंच एकच खोली उरली होती का?”

मालक तरुण मुलगा. म्हणाला, “नाही हो काकू, पावसाळ्यात कुठलं! आठातल्या सहा मोकळ्या होत्या. त्या अ‍ॅपवर मी एकच टाकतो. बाकीच्या फोनवर जातात.”

म्हणजे ते वाक्य खोटं नव्हतंच! त्या अ‍ॅपकडे खरोखर एकच खोली होती. पण वाचणाऱ्याला वाटणार की लॉजच भरला. यावरून युरोपात रामायण होऊन गेलंय हे मला नंतर कळलं. डिसेंबर २०१९ मध्ये बुकिंग डॉट कॉमने युरोपियन कमिशनला लिहून दिलं की ‘शेवटची खोली’ ही फक्त आमच्या साइटवरची आहे हे स्पष्ट करू. इंग्लंडमध्ये त्याच वर्षी एक्स्पीडिया, अगोडा, ट्रिव्हागो अशा सहा साइट्सना हेच सुधारायला लावलं. आपल्याकडेही ३० नोव्हेंबर २०२३ च्या नियमांत फसव्या मांडणीचे तेरा प्रकार दिलेत, त्यातला पहिलाच ‘खोटी घाई’. ते चौदा जण कोण होते, हे मात्र मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मालक पुढे म्हणाला, “अठरा टक्के कमिशन जातं काकू. पुढच्या वेळी सरळ फोन करा. आणि तुमची ती रात्र मी पुढच्या मुक्कामात धरतो.” झालं. त्या दिवसापासून घरात जाहीर केलं की अ‍ॅप फक्त बघायला, बुकिंग फोनवर.

हा बाणा ऑक्टोबरपर्यंत टिकला. वेरूळला जायचं होतं. मोठ्या ऐटीत फोनवर खोली ठरवली, यूपीआयने हजार रुपये पाठवले. भर दुपारी पोचलो तर आमची खोली एका लग्नाच्या वऱ्हाडाला दिलेली. काउंटरवरच्या माणसाला माझं नावही माहीत नव्हतं. पावती नाही, बुकिंग नंबर नाही, भांडायला यंत्रसुद्धा नाही. हजार रुपये परत यायला नऊ दिवस आणि सहा फोन लागले. त्या संध्याकाळी छत्रपती संभाजीनगरला खोली कशी मिळाली? अ‍ॅपवर, बाहेर रिक्षात बसून, चार मिनिटांत. मी तेव्हा लाल अक्षरांकडे बघितलंसुद्धा नाही. ह्यांनी बघितलं, पण बोलले नाहीत.

त्यामुळे मत थोडं बदललंय. परक्या गावात, रात्री उशिरा, पहिल्यांदाच जाताना अ‍ॅपला पर्याय नाही. हातात नंबर असतो आणि तो समोरच्याला नाकारता येत नाही. पण ‘आत्ता भरा, दहा टक्के सवलत’ मी घेत नाही. ‘पैसे तिथे गेल्यावर’ असेल तरच. हा पर्याय दिवसेंदिवस शोधावा लागतो. खुद्द बुकिंग होल्डिंग्जची निम्म्याहून जास्त उलाढाल आता आधी पैसे घेण्याच्या पद्धतीने होते. एक्स्पीडियावर ज्या गोष्टीने मात केली तीच गोष्ट मागच्या दाराने बाहेर चालली आहे. त्यांना त्यात काय फायदा ते कळतं: पैसा आपल्या हातात असला की परत द्यायचा की नाही हेही आपल्याच हातात. बँकेत एकतीस वर्षं दुसरं काय केलं आम्ही!

डिसेंबरात शेवटी गणपतीपुळ्याला गेलो, मंगळवार-बुधवार, गर्दी टाळून. मालकाने शब्द पाळला, दोन रात्रींतली एकच लावली. संध्याकाळी चहा घेऊन ओटीवर आला तेव्हा मी त्याला अ‍ॅपवरून नाव काढून टाकायचा सल्ला द्यायला लागले. अठरा टक्के म्हणजे काय थोडे झाले?

तो म्हणाला, “काकू, तुम्ही मला कुठे शोधलंत?”

मी म्हटलं, चहा छान झालाय.

तो आत गेल्यावर सहज म्हणून फोन काढला आणि त्याच लॉजचं पान उघडलं. ‘फक्त १ खोली शिल्लक!’ काउंटरमागच्या फळीवर किल्ल्या लटकत होत्या. मी उठून मोजल्या. सात.