लेजर नॅनो एस प्लस: नवख्यांना पुरेसं, पण कागदावर विसंबू नका

पहिलंच क्रिप्टो वॉलेट, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल पैशाच्या गुप्त चाव्या सांभाळणारं यंत्र, घ्यायचं तर हे दोन बटणांचं यंत्र पुरे. बॅटरी नाही, ब्लूटूथ नाही; केबलनं संगणकाला किंवा अँड्रॉइड फोनला जोडायचं. आयफोनवाल्यांनी मात्र याचा नाद सोडावा.

पिन 4 ते 8 अंकी. मग पडद्यावर 24 इंग्रजी शब्द येतात. खरी तिजोरी तीच; यंत्र हरवलं तरी या शब्दांवरून वॉलेट परत उभं करता येतं. खोक्यात शब्द आधीच छापलेले निघाले तर यंत्र वापरू नका, तो सापळा असतो. शब्दांचा फोटोही नको. सोबतचं कार्ड कागदी, आणि 2019, 2021 ला पंचगंगेनं कोल्हापुरात कागदांचं काय केलं ते सांगायला नको. उद्यमनगरातून स्टीलची पट्टी आणि अक्षरांचे पंच आणा, ठोकायचं काम घरीच करा. हे शब्द ज्या ठराविक यादीतून येतात, तिच्यातले 2048 शब्द पहिल्या चार अक्षरांतच वेगळे ओळखू येतात, त्यामुळे तेवढीच ठोकली तरी चालतं.

पैसे टाकण्याआधी मुद्दाम तीनदा चुकीचा पिन द्या. यंत्र पुसलं जाईल. पट्टीवरून परत उभं करा. पैसे स्वीकारायचा जुनाच पत्ता दिसला तरच पुढं जा, नाहीतर ठोकलेला शब्द चुकलाय. सुरुवातीला किरकोळ रक्कमच पाठवा, आणि पत्ता यंत्राच्या पडद्यावर ताडूनच.