व्हिसा मिळाला, घर मात्र नव्हतंच

आल्मेरिमारला पोचलो तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते. हातात पत्ता होता. फोनमध्ये घरमालकाचा निरोप होता की किल्ली दाराशेजारच्या पेटीत आहे, कोड आल्यावर पाठवतो. पेटी कुठेच दिसेना. फोन बंद. व्हॉट्सअ‍ॅपवरचा त्याचा हसरा फोटो जाऊन तिथे राखाडी डोकं आलेलं. सासूबाई गाडीतून पाय बाहेर काढून गुडघा चोळत बसल्या होत्या. शेवटी नवऱ्याने कागदावरच्या फ्लॅटची घंटा दाबली. घरातला झगा घातलेली साठीची एक बाई खाली आली. तिने आमच्या बॅगा बघितल्या, कागद बघितला आणि म्हणाली, "ओत्रा बेस." पुन्हा एकदा! एवढं स्पॅनिश मलाही कळतं. त्या वर्षात असा कागद घेऊन तिच्या दारात आलेलं आमचं कुटुंब तिसरं होतं.

ही 2025 च्या ऑक्टोबरातली गोष्ट. आम्ही इंग्लंडात राहतो. सासू-सासरे तासगावहून पहिल्यांदाच आले होते. बार्सिलोनाची गर्दी त्यांना झेपली नसती, म्हणून शांत जागा शोधत होतो. आल्मेरिमार स्पेनच्या आग्नेयेला, आल्मेरिया प्रांतात. हजारावर होड्यांचा मरीना, गॅरी प्लेयरने आखलेलं गोल्फ मैदान, पलीकडे फ्लेमिंगोंची पाणथळ जागा, आणि बाकी फारसं काही नाही. आमच्यात गोल्फ कुणालाच येत नाही, पण बंदरालगत सपाट फरसबंदीवर सासूबाईंना चालता येईल हा हिशोब.

हॉटेल नको होतं, कारण सकाळ-संध्याकाळ पोळी-भाजी लागते. एका भाड्याच्या साइटवर हा फ्लॅट दिसला. मी विचारलं, शेगडी गॅसची आहे का? आहे, घरमालक म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी शेगडीचा फोटोही पाठवला. लिफ्ट? आहे, शिवाय न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतो म्हणाला. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी झालं, हेही त्याने आपणहून विचारलं. लोक म्हणतात स्वस्ताच्या मोहात माणूस फसतो. आमचं भाडं काही फार स्वस्त नव्हतं. आम्ही फसलो ते या दांडीला.

मग हळूच निघालं की साइट मधले पैसे कापते, थेट दिलेत तर तेवढे कमी करतो. नऊ रात्रींचे 1,350 युरो. खात्याच्या आयबॅनची, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाची, सुरुवात 'एलटी'ने होती. स्पॅनिश खातं 'ईएस'ने सुरू होतं, 'एलटी' म्हणजे लिथुआनिया. विचारलं तर म्हणाला, मुलगी तिकडे शिकते, तिच्या खात्यावर टाका. मुलीच्या शिक्षणाचं नाव निघालं की मराठी माणूस पुढे काय बोलणार? नवऱ्याने पैसे पाठवले.

पासपोर्टच्या प्रती मागितल्या त्याही दिल्या. स्पेनमध्ये पाहुण्यांची माहिती सरकारी यंत्रणेत नोंदवणं घरमालकाला बंधनकारक आहे, हे खरंच आहे. पण त्यासाठी दोन महिने आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पासपोर्टचे फोटो पाठवायची गरज नव्हती. त्याने विश्वासासाठी म्हणून स्वतःचा पासपोर्ट पाठवला होता. तो बहुधा आमच्यासारख्याच कुणाचा तरी असणार. म्हणजे उद्या आमचे आप्पा, माझे सासरे, आल्मेरिमारचे घरमालक म्हणून कुणाच्या तरी फोनवर झळकायचे.

सगळ्यात जास्त गाफील आम्हाला व्हिसाने केलं. आमचे पासपोर्ट ब्रिटिश, पण सासू-सासऱ्यांना शेंगेन व्हिसा, म्हणजे स्पेनसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा व्हिसा, हवा होता. त्यासाठी मुंबईत अर्ज केला. राहण्याच्या पुराव्यात याच माणसाचं सही-शिक्क्याचं पत्र लावलं. व्हिसा मिळाला. घरात पेढे वाटले गेले आणि आप्पांनी गावभर सांगितलं, "सरकारनं तपासलंय म्हंजे घर पक्कं." आम्हीही मनातून तेच धरून बसलो होतो. आता वाटतं, पत्र जोडलं होतं एवढंच त्या फायलीला पुरेसं होतं. आल्मेरिमारला जाऊन घंटा कोण वाजवणार होतं?

खरं तर घंटा न वाजवताही कळलं असतं. जाहिरातीत नोंदणी क्रमांक होता आणि तो बघून मी खूश झाले होते. आंदालुसियात, म्हणजे आल्मेरिया ज्यात येतं त्या प्रदेशात, पर्यटकांना भाड्याने दिलेल्या घराला असा क्रमांक लागतो: आधी 'व्हीएफटी' किंवा 'व्हीयूटी', मग प्रांताची दोन अक्षरं, मग आकडे. आल्मेरियासाठी 'एएल'. आमच्या क्रमांकात 'एमए' होतं, म्हणजे मालागा. दुसऱ्याच किनाऱ्यावरच्या कुणाच्या तरी खऱ्या घराचा क्रमांक उचलला होता. तिथल्या प्रादेशिक सरकारच्या पर्यटन नोंदणीत तो टाकून बघता येतो, फुकट, दोन मिनिटांत. मी ती दोन मिनिटं पापड कुठले न्यायचे यात घालवली.

फोटोही तिकडचेच असणार. गच्चीतून थेट समुद्रात उतरणारे कडे दिसत होते. आल्मेरिमारचा किनारा तळहातासारखा सपाट आहे आणि मागे दिसतं ते पांढरं प्लास्टिक. आल्मेरिमार ज्यात मोडतं त्या एल एहीदो गावाच्या आजूबाजूची हरितगृहं आणि आसपासच्या गावांतली मिळून तीस हजार हेक्टरच्या वर जातात. इंग्लंडातल्या दुकानांत हिवाळ्यात मिळणाऱ्या ढोबळ्या मिरच्या आणि टोमॅटो बऱ्याच अंशी इथलेच. त्या संध्याकाळी मालागाहून येताना आप्पा काचेला नाक लावून बसले होते. "आगं पोरी, ह्यो मांडव न्हवं, अख्खा तालुकाच झाकलाय की!" द्राक्षबागायतदार माणूस. तासाभराने रस्त्यावर उभं राहायची वेळ येणार आहे हे तेव्हा कुणाला माहीत?

दुसऱ्या दिवशी एल एहीदोला जाऊन पोलिसांत तक्रार दिली. तिला 'देनुन्सिया' म्हणतात. ती देताना शिक्क्याची प्रत मागून घ्या, विमा कंपनी आणि बँक दोघंही तीच विचारतात. आमच्या बँकेने मात्र हात वर केले. 7 ऑक्टोबर 2024 पासून ब्रिटनमध्ये अशा फसवणुकीत बँकांना पैसे परत द्यावे लागतात, पण ते देशातल्या देशात पाठवलेल्या पैशांना. परदेशी खात्यात गेलेल्या पैशांना तो नियम लागू नाही. क्रेडिट कार्डाने दिले असते तर 100 पौंडांवरच्या व्यवहारासाठी कार्ड कंपनीच्या मागे लागता आलं असतं. साइटनेही कानावर हात ठेवले, कारण व्यवहार तिच्याबाहेर झालेला.

त्या रात्री मात्र आम्हाला रस्त्यावर राहावं लागलं नाही. झगेवाल्या बाईने बंदरावरच्या एका हॉटेलात फोन करून दोन खोल्या मिळवून दिल्या. तोवर सासूबाईंना आत नेऊन खुर्चीत बसवलं आणि पाणी दिलं. घरात मी हळूच डोकावले. शेगडी विजेची होती.

सासूबाईंनी बॅग उघडायला लावली. साड्यांच्या खाली अर्धा किलो बेदाण्यांची पुडी होती. घरमालकाला द्यायची म्हणून तासगावपासून जपून आणलेली. त्यांनी ती त्या बाईच्या ओंजळीत ठेवली. तिने तिथेच पुडी फोडली, एक बेदाणा तोंडात टाकला आणि दुसरा आप्पांच्या हातावर ठेवला.