चष्मा घालवायचाय, पण लासिक करू की पीआरके?

दोन्ही लेझरनं नंबर घालवायची ऑपरेशनं. मिरजेला चौकशीला गेलं की आधी पॅकेजच सांगतात, जखम कशी भरते हे आपण विचारल्याशिवाय निघत नाही, आणि खरा फरक तर तिथंच आहे.

लासिकमध्ये कॉर्नियाचा (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा) १००-१२० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पापुद्रा उचलून खाली लेझर मारतात आणि पापुद्रा परत बसवतात. दुखणं काही तासांचं, दुसऱ्या दिवशी बऱ्यापैकी दिसतं. पण तो पापुद्रा कडेनंच नीट धरतो, आतून पहिल्यासारखा पक्का कधीच होत नाही. तालमीत जाणाऱ्यांनी, कबड्डीवाल्यांनी हे ध्यानात घ्या, डोळ्यात बोट घुसलं तर काही वर्षांनीसुद्धा तो सरकू शकतो.

पीआरकेत पापुद्राच नाही. कॉर्नियावरची जेमतेम ५० मायक्रॉनची त्वचा काढून लेझर मारतात, वर बँडेज लेन्स (जखम झाकणारी कॉन्टॅक्ट लेन्स). त्वचा परत यायला चार-पाच दिवस, आणि ते दिवस बेकार, डोळ्यात चटणी गेल्यासारखं, उजेड नकोसा. नजर साफ व्हायला आठवडे, कधी महिने. मोठ्या नंबरला जखम भरताना धूसरपणा यायची भीती जास्त, म्हणून मायटोमायसिन हे तो रोखणारं औषध लावतात, स्टिरॉइडचे ड्रॉप हळूहळू कमी करतात (मधे डोळ्याचं प्रेशर तपासायला जायचंच) आणि उन्हात गॉगल. हळदीच्या यार्डात काम असेल तर सरळ सुट्टी टाका.

आता नंबर परत येणं. ते दोन्हीत होतं. लेझरनं काढलेलं परत उगवत नाही, पण वरची त्वचा भरता भरता जाड होते, आणि एक नंबर म्हणजे मुळात १२-१५ मायक्रॉनचाच खेळ, त्यामुळं थोडं जाड झालं तरी लगेच जाणवतं. मोठा मायनस आणि प्लसवाल्यांना हे जास्त. वर्षभर नंबर स्थिर नसताना केलं तर डोळाच वाढत असतो, त्याला लेझर काय करणार. चाळिशीतला वाचायचा चष्मा मात्र वेगळाच, तो यात धरू नका.

परत टचअप (उरलेल्या नंबरसाठी पुन्हा लेझर) करायचं तर खाली जाडी शिल्लक पाहिजे, लासिकमध्ये पापुद्र्याखाली किमान २५० मायक्रॉन तरी धरतात. म्हणून पातळ कॉर्निया किंवा कुस्ती असेल तर माझं मत पीआरके. ऑफिसची नोकरी, रजा नाही, जाडी भरपूर, तर लासिक. केराटोकोनसचा (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढं येण्याचा आजार) संशय असेल तर दोन्ही नको. स्माईल या तिसऱ्या लेझर पद्धतीत पापुद्रा नसतो, छोटी चीर असते, पण महाग.

काहीही करा, आधीचा नंबर आणि टोपोग्राफीचा (कॉर्नियाच्या आकाराच्या नकाशाचा) रिपोर्ट घरी जपून ठेवा, पुढं मोतीबिंदूची लेन्स ठरवताना डॉक्टर तेच मागतात.