बांगड्यातलं हिस्टामिन: एलायझा किट घ्यावं की चमकणारा एमआयपी बनवावा?

मडगावच्या घाऊक बाजारातलं मासे टिकवायच्या फॉर्मेलिनचं प्रकरण 2018 साली गाजलं. तेव्हापासून मासळी तपासायची म्हटली की आधी फॉर्मेलिनच आठवतं. पण एमआयपी म्हणजे हव्या त्या रेणूचा ठसा उमटवलेलं पॉलिमर, आणि असा ठसा उमटवायला तो रेणू फारच चिमुकला. प्रकल्पाला बांगड्यातलं हिस्टामिन घ्या, खाणाऱ्याला बाधणारं द्रव्य. बर्फ उशिरा पडला की जीवाणू माशातल्या हिस्टिडिन या अमिनो आम्लापासून ते तयार करतात, आणि हुमण (माशाची आमटी) कितीही उकळलं तरी ते जात नाही.

एलायझा किट अँटिबॉडीने रेणू पकडून मोजतं, त्याचं काम सरळ. 96 खणांची प्लेट, काही तासांत आकडे. मात्र हिस्टामिन इतकं लहान की बहुतेक किटांमध्ये आधी त्याचं असायलेशन करावं लागतं, म्हणजे त्याला एक रासायनिक गट जोडावा लागतो. अँटिबॉडीला 2 ते 8 अंश तापमान लागतं. जूनमध्ये वीज गेली की फ्रिजची काळजी. वर मुदत संपते ती वेगळीच.

एमआयपीची भुकटी बाटलीत भरून कपाटात ठेवा, बिघडत नाही. हिस्टामिनभोवती मेथाक्रिलिक आम्ल, साखळ्या एकमेकींना जोडणारा क्रॉसलिंकर आणि सोबत चमकणारा रंग किंवा क्वांटम डॉट, म्हणजे चमकणारा अतिसूक्ष्म कण. नायट्रोजनखाली 60 अंशांवर रात्रभर ठेवायचं, मग मेथॅनॉल आणि अॅसेटिक आम्लाने हिस्टामिन धुऊन काढायचं, म्हणजे त्याचा ठसा मागे उरतो. नमुन्यातलं हिस्टामिन त्यात बसलं की चमक बदलते. वेळ खातं ते हे धुणं. आत राहिलेलं हिस्टामिन नंतर झिरपत राहतं. सुंगटांतल्या (कोळंबीतल्या) क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकासाठी, जिथे युरोपचा आकडा किलोला 0.15 मायक्रोग्रॅम आहे, हे झिरपणं घात करेल. हिस्टामिनची मर्यादा किलोला 100 ते 200 मिलिग्रॅम, म्हणून इथे निभावतं.

खरी अडचण निवडकतेची. रेणूला ठशात धरणारे हायड्रोजन बंध पाण्यात सैल पडतात, शिवाय माशाचा अर्क अतिनील प्रकाशात स्वतःच निळसर चमकतो. चमक नुसती कमी झाली तर माझा विश्वास बसत नाही. ती कशानेही कमी होते. हिस्टिडिन आणि टायरामिन हे जवळचे रेणू घालून बघा, आणि ठसा नसलेलं पॉलिमर, म्हणजे एनआयपी, सोबत चालवा. एनआयपीशिवायचा आलेख मला दाखवूच नका.

स्वीडनच्या लुंडमध्ये मोसबाख यांच्या गटाने 1993 साली ठशाच्या पॉलिमरने रक्तद्रवातलं थिओफिलीन हे दम्याचं औषध मोजलं होतं, अँटिबॉडीच्या तोडीस तोड. तेव्हा पद्धत कच्ची नाही. पण कुणाला नमुन्यांचे अहवाल द्यायचे असतील तर मुकाट्याने किट घ्या. हाताशी सहा महिने असतील, किंवा तुमच्या रेणूचं किटच मिळत नसेल, तर एमआयपी. खात्रीला दोन्हीकडे एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, लागतंच, त्याची वेळ आधी मागून ठेवा.